बाईंनी काय खाल्लं होतं?

आमच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवणाऱ्या बाईंना गावाने सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न गणितातला नव्हता आणि शास्त्रातलाही नव्हता. "बाई, तुमी असं खाल्लं तरी काय, की ह्यो साखरेचा रोग लागला?" हा तो प्रश्न. विचारणारे कळवळून विचारत. कळवळा खरा असे, पण उत्तराची घाई त्याहून खरी असे. बाईंनी जे खाल्लं ते आपण खाल्लेलं नाही, एवढी खात्री करून त्यांना घरी जायचं असे.

बाई माणूस बघून उत्तर देत. पोस्टमास्तरांना त्यांनी सांगितलं, "गुळाची ढेप. बारदानासकट." मामलेदारांच्या पत्नी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्या होत्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन हाच प्रश्न विचारला.

"नवरा खाल्ला," बाई म्हणाल्या.

"अहो, पण तुमचं तर लग्नच नाही झालेलं."

"तेच सांगतेय. आधीच खाल्ला."

मुख्याध्यापकांना मात्र त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. "काही नाही." त्यावर मुख्याध्यापकांचा अजिबात विश्वास बसला नाही. पोस्टमास्तरांचा ढेपेवर बसला होता.

गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी तिथे मराठी शिकवायला गेलो. बाई माझ्या आधीपासून होत्या. चाळिशीला टेकलेल्या, किडकिडीत, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं की रस्त्याने बाजूला व्हावं. आवाज खडा. चुकीचं विधान त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी ते तसंच जाऊ दिलं, असं मी पाहिलं नव्हतं. विधान करणारा कोण आहे, वेळ कोणती आहे, आपली नोकरी कुणाच्या हातात आहे, याचा विचार त्या दुरुस्ती करून झाल्यावर करत, आणि कधीकधी तेव्हाही नाही. शाळेत त्यांना 'गोड बाई' म्हणत. हे नाव मुलांनी ठेवलं असं शिक्षक सांगत. मुलं मला म्हणाली, शिक्षकांनी ठेवलं.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असे. बाई आल्या की शिक्षकखोलीतल्या स्टोव्हवर काचेची पिचकारी आणि सुई उकळायला ठेवत. त्याच स्टोव्हवर शिपाई आमचा चहा करी. पाणी आधी कुणाचं ठेवायचं यावर रोज वाद होई आणि रोज बाई जिंकत. मग घरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली औषधाची बाटली काढून त्या पदर सारत आणि दंडात सुई टोचत. या काळात इतिहासाचे सर भिंतीकडे तोंड करून उभे राहत. चित्रकलेचे सर बाहेर जात. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे जरा आडोशाला करता आलं तर बरं. चारचौघांत बरं दिसत नाही."

"तुम्ही रक्तदाबाची गोळी आडोशाला घेता का?"

"गोळीची गोष्ट वेगळी."

"का? गोळी खानदानी आजाराची असते?"

मुख्याध्यापकांनी विषय चहाकडे वळवला.

सुई टोचल्यावर ठरल्या वेळी पोटात काही गेलं नाही तर बाईंना घाम फुटे, हात थरथरत. त्यामुळे घड्याळात वेळ झाली की त्या फळ्यावर वर्तुळ अर्धं सोडून पिशवीतून भाकरी काढत आणि खाताखाता त्रिज्या समजावत. मुलांना त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांना.

"बाई, वर्गात खाणं शिस्तीत बसत नाही."

"बेशुद्ध पडणं बसतं का?" बाईंनी तोंडातला घास संपवून विचारलं. "बसत असेल तर तसं करते. पण मग वर्ग तुम्हाला सांभाळावा लागेल. चालू आहे ते वर्तुळाचं क्षेत्रफळ."

साहेबांनी शेरेवहीत 'शिस्त समाधानकारक' असं लिहिलं. क्षेत्रफळ त्यांना येत नसावं.

पदराच्या गाठीला बाईंची खडीसाखर असे. घाम फुटायला लागला आणि भाकरी जवळ नसली, की त्या दोन खडे तोंडात टाकत. यावरून गावात फार मोठं प्रकरण झालं. साखरेचा रोग झालेली बाई साखर खाते, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी ते चोरी पकडल्यासारखं सांगितलं. आता कळलं रोग कशाने झाला, असं सगळ्यांना वाटलं. औषधाने साखर फार उतरली तर ती चढवावी लागते, हे बाईंनी चावडीपुढे उभं राहून समजावलं. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन सांगितलं, की बाईंनी कबूल केलं.

बाईंचा एक सिद्धांत होता. "सर, लोकांना कारण नको असतं. आरोपी हवा असतो. कारण सापडलं तर शोधत बसावं लागतं. आरोपी सापडला की जेवायला मोकळे." बाईंना हा आजार कॉलेजात असताना झाला. एक स्थळ तेव्हा पक्कं झालं होतं. बातमी कळल्यावर मुलाकडची मंडळी येऊन साखरपुड्याचे पेढे परत घेऊन गेली. "माझ्या तब्येतीला ते बरंच झालं," असं त्या म्हणत. म्हणताना हसत नसत.

बाहत्तर साली पाऊस आला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले, उसाची चिपाडंसुद्धा जनावरांनी खाऊन संपवली, आणि निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागलं. तिथे खायला सरकारी सुकडी मिळे. पाणी टँकरने येई. घरोघरी पाण्याच्या वाटण्या झाल्या होत्या. शाळेतही मुख्याध्यापकांनी माठापाशी शिपाई बसवला आणि एका मुलाला एक पेला असा नियम केला.

नियम मोडणारी एकच निघाली. सहावीतली शकू. गावात तिच्या बापाचं गुऱ्हाळ होतं, म्हणजे पाऊस होता तोवर होतं. पोरगी मूळची गुटगुटीत, पण होळीपासून अशी वाळत गेली होती की फ्रॉक खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. ती आपला पेला पिऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राही. मुलं ओरडायची, "गुर्जी, ही हावरी परत आली!" शिपायाने तिला एकदा हाताला धरून मुख्याध्यापकांपुढे नेलं. दुष्काळात दुसऱ्याचं पाणी पिणं म्हणजे काय, यावर त्यांनी तिला एक छोटं भाषण दिलं. पोरगी भाषणभर मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या तांब्याकडे बघत होती.

हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांची भाकरी चालू होती. त्यांनी ती तशीच ठेवली. शकूला बोलावून विचारलं, लघवीला किती वेळा जातेस, रात्री उठतेस का, तिथे मुंग्या लागतात का. पोरगी मुंग्यांच्या प्रश्नावर रडायलाच लागली. बाईंनी तिला आपल्या वाटणीचं पाणी दिलं आणि निरोप पाठवला, आईला ताबडतोब पाठवा.

आई आली नाही, आजी आली. उंच, ताठ, नाकात नथ, आणि आवाज बाईंच्या तोडीचा.

"मास्तरीणबाई, आमच्या पोरीला काय बी झालेलं न्हाई."

"मुंग्या लागतात ना?"

आजी चमकली. "कोन म्हनलं? गुऱ्हाळाचं घर हाय. मुंग्या लागनारच."

"गुऱ्हाळ वर्षभर बंद आहे, आजी. मुंग्यासुद्धा खडी फोडायला गेल्यात. हिला नगरला न्या. मला आहे तोच आजार आहे, लहान वयात झालाय, लवकर नेलं तर..."

"तुमाला हाय त्यो तुमच्यापाशीच ठिवा," आजी म्हणाली. "पोरीचं लगीन करायचंय आमाला."

बाईंनी बापाला गाठलं. दुष्काळी कामावर तो मुकादम होता, शांत, पांढऱ्या टोपीतला गृहस्थ. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बघू म्हणाला. त्याने कदाचित बघितलंही असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी गावात व्याख्यान ठेवलं.

अध्यक्षांना व्याख्यानांचा शौक होता. दुष्काळाने त्यात खंड पडू नये असं त्यांचं मत होतं. लोकांना पाणी देता येत नसेल तर निदान विचार द्यावेत, असं ते म्हणत. पाहुणे पुण्याहून आणले होते. सरकारी खात्यातले मोठे अधिकारी होते म्हणे, निवृत्त झाल्यापासून आरोग्यावर बोलत. कोणतीही वैद्यकीय पदवी नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक मोकळेपणा होता. विषय होता 'संयम हेच औषध'. समोर खडी फोडून आलेली माणसं धुळीसकट बसली होती. पाहुण्यांनी त्यांना कमी खाण्याचं महत्त्व सांगितलं.

मधुमेहावर ते बराच वेळ बोलले. हा रोग नसून शिक्षा आहे, जिभेवर ताबा नसलेल्याला निसर्गाने दिलेली, असं ते म्हणाले. लघवीला मुंग्या लागल्या की समजावं, शरीर साखर ओकतंय. उपाय सोपा. अन्न तोडावं. पाणी तोडावं. मूत्र थांबलं की रोग थांबला. सुया टोचून घेणं हा दुबळ्या मनाच्या लोकांचा मार्ग. अध्यक्षांनी माईकजवळ येऊन टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

बाई उभ्या राहिल्या. मी शेजारीच होतो, पदर ओढावा असं माझ्या मनात आलं, पण परस्त्रीचा पदर आणि संस्थेचे अध्यक्ष एकाच वेळी समोर होते.

"आपण आज दुपारी काय जेवलात?" बाईंनी पाहुण्यांना विचारलं.

पाहुणे हसले. अध्यक्षांकडे जेवणावळ झाली होती, शिऱ्याचा वास शाळेपर्यंत आला होता. "हा काय प्रश्न झाला?"

"समोर बसलेत त्यांनी सुकडी खाल्लीय. तीही एकवेळ. यांच्यातल्या एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला मधुमेह झाला, तर त्याच्या जिभेचं पाप कोणतं ते सांगा."

प्रश्न कुणाला कळला नसता तरी बाईंचा सूर कळण्यासारखा होता. पण आयुष्यभर अधिकारावर राहिलेल्या माणसाला उत्तर माहीत नसणं ही अडचण वाटत नाही.

"मग ते आईचं," ते म्हणाले. "गरोदरपणी आईने जिभेचे लाड केले, डोहाळ्यात गोडधोड मागितलं, की ते पोटच्या पोराला भोगावं लागतं. आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होतं."

"हे सपशेल खोटं आहे," बाई म्हणाल्या. "आणि पाणी तोडायचं सांगताय ते तर..."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही, कारण अध्यक्षांनी आभार मानायला सुरुवात केली होती आणि माईक त्यांच्याकडे होता. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, शकूची आजी बसली होती. तिने मान वळवून आपल्या सुनेकडे, शकूच्या आईकडे, बघितलं. ती बघण्याची तऱ्हा मी विसरलेलो नाही. कित्येक दिवस हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतं तशी.

दुसऱ्या दिवसापासून शकू शाळेत आली नाही.

चौकशी केली तर मामाच्या गावाला गेलीय असं कळलं. मामाच्या गावचा एक मुलगा आमच्याकडे आठवीत होता, तो म्हणाला, आली नाही. शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "सर, चला. प्रश्न मी विचारला होता. उत्तर त्या पोरीला मिळालंय."

ऊन मरणाचं होतं. शकूच्या घराच्या ओसरीवर आजी धान्य निवडत बसली होती, जेवढं होतं तेवढं. आम्ही बसलो. आमच्या भागात दारी आलेल्याला गूळपाणी देतात. दुष्काळात गूळ गेला तरी पाणी राहिलं होतं. घरात घोटभर असलं तरी पाहुण्याला तांब्या पुढे येई. त्यात घराची अब्रू होती, आणि त्या वर्षी गावात अब्रूशिवाय दुसरं फारसं उरलं नव्हतं. सून डोक्यावरचा पदर सांभाळत तांब्या घेऊन आली. तिचे ओठ तडकलेले होते. मी पाणी प्यालो. बाईंनी तांब्या हातात घेतला नाही.

"शकूच्या हातचं पिईन," त्या म्हणाल्या.

"ती मामाकडं गेल्ती. आली न्हाई अजून," आजी म्हणाली.

"मग येईपर्यंत बसते."

"दोन-चार रोज लागत्याल."

"बसते की. तोवर पाणी नको मला."

आजी हसली. थोड्या वेळाने हसायची थांबली. बाई खांबाला टेकून बसल्या होत्या, उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर आली होती, आणि त्या सरकत नव्हत्या. शेजारणी एकेक करून दारात येऊ लागल्या. एकीने विचारलं, "मास्तरीणबाई अशा का बसल्यात?" बाई मोठ्याने म्हणाल्या, "तहान लागलीय, म्हणून."

"मंग पानी द्या की वो त्यास्नी," शेजारीण आजीला म्हणाली.

"देतूय की! घेत न्हाईत!"

"आमच्या दारात कुनी तान्हेलं बसल्यालं न्हाई बाई कदी," दुसरी एक म्हणाली, अगदी सहज, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

आजीचा चेहरा लाल झाला. बाईंचे ओठ कोरडे पडायला लागले होते. त्यांच्या आजारात हा खेळ किती धोक्याचा आहे ते मला कळत होतं. मी उठून काही बोलणार तोच सून चौकटीतून पुढे आली. इतका वेळ ती दाराआड उभी होती.

"आत हाय ती," सून म्हणाली. "उठत न्हाई. दोन दिस झालं, डोळं उघडून धड बघत न्हाई."

"गप!" आजी ओरडली.

बाई आत गेल्यासुद्धा होत्या.

पोरगी अंधाऱ्या खोलीत कणगीपाशी पडली होती. श्वास खोल, जोरजोरात चाललेला, आणि त्याला पिकून नासत आलेल्या फळासारखा वास. बाईंनी वाकून तो एकदा घेतला आणि सरळ झाल्या. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता खाली आला होता. "बापाला बोलवा. गाडी बघा. बैलगाडी नको, पोचणार नाही."

रस्त्याच्या कामावरचा खडीचा ट्रक रिकामा परत चालला होता. बापानेच तो थांबवला. घरी आल्यावर त्याने आजीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि पोरीकडे बघितल्यावर त्याने दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही. आजी मागून ओरडत होती, "त्या सायबानं सांगिटलं तसं केलं आमी! मोठ्या मानसाचं ऐकू न्हाई का?" ट्रकच्या हौद्यात, खडीच्या भुकटीत, आईच्या मांडीवर शकूचं डोकं, आणि बाई वाटभर पोरीच्या तोंडावर पदराची सावली धरून.

नगरच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, नुकताच नोकरीला लागलेला असावा, कारण तो धावला. पोरीला सलाइन लागली, औषध सुरू झालं. आम्ही बाहेर बाकावर. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तो बाहेर आला. वाचेल असं वाटतंय, म्हणाला. मग त्याने विचारलं, "हिला घरी पाणी कोण पाजत होतं?"

बापाने मान खाली घातली. त्याच्याच सांगण्यावरून घरात तिचं पाणी बंद होतं. डॉक्टरने पुन्हा विचारलं. तेव्हा आई भिंतीपासून उठून पुढे आली. तिचे हात आपोआप जोडले गेले होते.

"चुकलं माझं, डाक्टर," ती म्हणाली. "मी पाजत हुते. कनगीमागं तांब्या ठिवला हुता, समदी निजली की चोरून पाजायची. लई मागायची वो ती. पन माझ्या वाटनीचंच पाजलं, दुसऱ्या कुनाचं न्हाई. परत न्हाई करनार."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं तो साधा प्रश्न विचारतोय.

"अहो, काय बोलता? त्या पाण्यावर जगली ती. ते मिळालं नसतं तर इथपर्यंत आणायला काही उरलं नसतं."

तिला ते लगेच कळलं नाही. हात जोडलेलेच होते. बाईंनी ते दोन्ही हात धरून खाली केले, आणि मग बापाकडे वळून त्या खड्या आवाजात म्हणाल्या, "ऐकू आलं? की डॉक्टरांना परत सांगायला लावू?"

"आलं," बाप म्हणाला.

डॉक्टरने पुढे बरंच समजावलं. साखर जिरवणारा रस अंगात तयार व्हायचा थांबतो, तो बाहेरून सुईने रोज द्यावा लागतो, जन्मभर. लहान वयात हे का होतं ते नक्की अजून कुणालाच सांगता येत नाही. पोरीने काय खाल्लं, आईने काय खाल्लं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. बापाने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मंग गुन्हा कुनाचा?" डॉक्टर म्हणाला, कुणाचाच नाही. बापाला हे उत्तर फार अवघड गेलं असावं.

पोरगी घरी आली तेव्हा बाईंनी सुई कशी उकळायची, औषध किती ओढायचं, कुठे टोचायचं हे तिच्या आईला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही दोघे तिथे होतो. आईच्या हातात पिचकारी, पोरगी समोर बसलेली, आणि आजी उंबऱ्यात. बापाने तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं होतं. आजीने त्यातलं जे घ्यायचं ते घेतलं होतं.

"हिनंच केलं हे," आजी म्हणाली. "पोटात पोर असताना काकवी मागायची, वाटीवाटीनं प्यायची. आता जल्मभर हिनंच टोचावं. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. हीच शिक्षा हिला."

मी बाईंकडे बघितलं. पाहुण्यांना, अध्यक्षांना, शिक्षणाधिकाऱ्यांना न सोडलेली बाई आता या म्हातारीचं काय करते ते बघायला मी सरसावून बसलो. मला ते हवं होतं. बाईंनी तोंड उघडलं. आईच्या हातातल्या पिचकारीकडे बघितलं. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, आजी. हिनंच टोचायचं. रोज, सूर्य उगवला की. ही विसरली तर तुम्ही आठवण करायची. करणार ना?"

"करनार म्हंजे? सोडते का काय हिला!"

आम्ही बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथे कडेला मैलाचा दगड होता. बाईंनी हातातली छत्री मिटली आणि त्या दगडावर हाणली, आणि पुन्हा हाणली, काड्या बाहेर येईपर्यंत. मग मोडकी छत्री काखेत मारली.

"तुम्ही हे ऐकून कसं घेतलंत?" मी विचारलं. मला संताप आवरत नव्हता.

"म्हातारी कोंबड्याआधी उठते, सर. तिच्याइतका पक्का पहारेकरी मला तालुक्यात मिळाला नसता. मी वाद घातला असता तर जिंकले असते. मग तिने सुनेला पिचकारीला हात लावू दिला नसता."

तसंच झालं. आजी रोज झुंजुमुंजू असताना सुनेला हाक मारी, "टोचलंस का गं, पापिनी?" आणि त्यामुळे शकूची सुई एक दिवस चुकली नाही. पोरीच्या अंगावर मांस आलं. शाळेत ती अपूर्णांकांत कच्ची राहिली, त्यावरून बाईंचा मार खाण्याइतकी धडधाकट झाली. एकदा बाईंनी तिच्या आईला विचारलं, "रोज हे ऐकून घेतेस, मनाला लावून नाही ना घेत?" आई पिचकारीतला हवेचा बुडबुडा घालवत होती. "आत्याबाईंचं त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "मला रोज सकाळी पोर हाताखाली जित्ती घावती. आनिक काय पायजे?"

अध्यक्षांनी पुढच्या वार्षिक सभेत सांगितलं, की आपल्या व्याख्यानमालेमुळे गावात आरोग्याची जागृती झाली आणि एका मुलीच्या रोगाचं वेळेत निदान झालं. पाहुण्यांचं तेच व्याख्यान त्यांनी नंतर कोपरगावकडेही ठेवलं असं मी ऐकलं. मुख्याध्यापक शकूला पाण्यावरून दिलेलं भाषण विसरून गेले. बाप नवऱ्यासारखा आणि मुकादमासारखा वागत राहिला, आधी वागत होता तसाच. आजी मरेपर्यंत आपल्या मतावर ठाम होती.

या सगळ्या प्रकरणात 'माझं चुकलं' असं एकाच माणसाने म्हटलं. तिने पोरीला पाणी पाजलं होतं.